उसातून जाणारा रस्ता

या सदराच्या वाचकांकडून आम्हांस जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न हटकून असतो. मॉरिशससारख्या रम्य बेटावर मोटार हाकण्यात काय सुख असेल! एका बाजूस निळा समुद्र, दुसऱ्या बाजूस हिरवे डोंगर, वर लख्ख ऊन आणि खाली आरशासारखा रस्ता, असे चित्र पत्र लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभे असते. या चित्रातील समुद्र खरा आहे, डोंगर खरे आहेत आणि ऊनही खरे आहे. आरशाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावयास हवे.

प्रथम न्यायाची गोष्ट सांगतो. येथील मुख्य महामार्ग उत्तम आहे. आग्नेयेकडील विमानतळापासून निघून मध्य पठार ओलांडीत तो राजधानी पोर्ट लुईला येतो आणि पुढे उत्तरेकडे जातो. त्याच्या काही भागांत ताशी ११० किलोमीटर वेगाची मुभा आहे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, कारण १८१० ते १९६८ पर्यंत येथे इंग्रजांचा अंमल होता. त्यामुळे हिंदुस्थानातून आलेल्या माणसास पहिल्या दिवशी फारसे परके वाटत नाही. त्यातून महामार्गावरच राहिला, तर परत जाऊन तो आरशाचीच कथा सांगेल. परंतु येथे संसार थाटलेल्याला महामार्ग सोडावाच लागतो. दूध, भाजी, शाळा, दवाखाना, मित्राचे घर, यांतील काहीही महामार्गावर नसते. ते सारे उसातून जाणाऱ्या रस्त्यांवर असते.

हे बेट उत्तर-दक्षिण अवघे ६५ किलोमीटर लांब आणि सुमारे ४५ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या सपाट भूमीवर आजही पुष्कळ ठिकाणी ऊस उभा दिसतो, आणि जुन्या रस्त्यांची कुळकथा या उसातच आहे. मळ्यातून कारखान्याकडे, कारखान्यातून बंदराकडे असे ते निघाले. बैलगाडीस जेवढी रुंदी पुरे, तेवढीच त्यांना मिळाली. पुढे १८६४ साली आगगाडी सुरू झाली आणि शंभर वर्षे तिने माल व माणसे वाहिली. १९५६ साली उतारूंची वाहतूक थांबली आणि १९६४ साली आगगाडी अजिबात बंद पडली. रुळांवरचा सारा भार मग या रस्त्यांवर आला. राजधानीपासून पठारावरच्या शहरांकडे जाणारी विजेची नवी गाडी २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. तोपर्यंत मधली पंचावन्न वर्षे बेटाला रूळ असे नव्हतेच. आज लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि नोंदलेली वाहने सहा लाखांहून अधिक. बैलगाडीच्या अंगरख्यात एवढा देह कोंबल्यावर शिवण उसवणार, हे उघड आहे.

उसवलेली ही शिवण बहुधा रस्त्याच्या कडेला दिसते. आपल्याकडे खराब रस्ता म्हटला की मधोमध खड्डा आठवतो. येथेही खड्डे आहेत. पाण्याचा नळ घालण्यासाठी खणलेला चर बुजविल्यावर महिनाभरात तो पुन्हा खचतो, हा अनुभव बडोदे-इंदूरच्या वाचकांस नवा वाटणार नाही. परंतु येथील खरी अडचण म्हणजे या रस्त्यांना कडच नाही. डांबर जेथे संपते, तेथेच वीतभर उंचीची पायरी असते. पायरीखाली कोठे उघडी गटार, कोठे काळ्या दगडांचा बांध, तर कोठे थेट ऊस. बेट ज्वालामुखीतून वर आलेले. शेत करावयाचे म्हणजे आधी दगड वेचावयाचे. मजुरांनी पिढ्यान् पिढ्या वेचलेल्या या दगडांचे मोठाले ढीग आजही शेताशेतांत उभे आहेत. त्यांतलेच दगड रस्त्याच्या कडेला बांध होऊन बसले आहेत. समोरून बस आली की चालक स्वभावतः डावीकडे सरकतो. येथे सरकावयास जागा नसते. मागे एकदा आमच्या परिचयाचे एक गृहस्थ असेच हातभर सरकले आणि त्यांच्या मोटारीचे डावे चाक गटारीत उतरले. उसातून चारपाच माणसे आली, त्यांनी हसत हसत मोटार उचलून वर ठेवली आणि एक शब्द न बोलता ती पुन्हा उसात गेली.

जून ते डिसेंबर हा येथील ऊसतोडीचा हंगाम. त्याच्या आरंभी ऊस पुरुषभर उंच उभा असतो. रस्ता वळतो तेथे पुढचे काही दिसत नाही, दोन्ही बाजूंना हिरव्या भिंतीच असतात. तोड सुरू झाली की त्या भिंती एकेक करून पडतात आणि काल जेथे आंधळे वळण होते, तेथे आज दूरवर समुद्र दिसू लागतो. पण मग उसाने खचून भरलेल्या मालमोटारी रस्त्यावर येतात. त्यांच्या मागे सायकलच्या वेगाने जावे लागते. त्यांतून गळलेली कांडी चाकाखाली येतात आणि शेतातली लाल माती डांबरावर पसरते. त्या मातीवर सर पडली की मोटार साबणावर ठेवल्यासारखी सरकते.

उन्हाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊन म्हटल्यावर सर्वांस सुखच दिसते. पठारावरून पश्चिम किनाऱ्याकडे उतरणारे रस्ते सायंकाळी थेट सूर्याच्या तोंडात जातात. काचेवर धुळीचा पातळ थर असला, तर समोर नुसता सोनेरी पडदा उरतो आणि त्या पडद्याआड कोण चालले आहे ते कळत नाही. शिवाय आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहोत, हे विसरून चालत नाही. येथे जून-जुलै हा हिवाळा. त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. कामावरून परतणाऱ्यांची गर्दी नेमकी त्याच घटकेस रस्त्यावर असते.

पावसाचे वाटप तर चमत्कारिकच म्हणावे लागेल. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर, आणि तेथून तासाभराच्या अंतरावरील मध्य पठाराच्या माथ्यावर ४००० मिलिमीटरपर्यंत. घरून निघताना डोळ्यांवर काळा चष्मा, आणि क्यूरपीपला पोहोचताना धुक्यात दिवे लावून काच पुसणे चालू, हा आमचा नित्याचा प्रवास.

काही रस्ते तर नावानेच ओळखावे असे आहेत. नैर्ऋत्येस काझ नोयाल येथून शामारेलच्या सात रंगांच्या मातीकडे चढणारा रस्ता इतका नागमोडी आहे की, पर्यटकांची मोठी बस समोर आली तर कोणी मागे हटावयाचे, हा प्रश्न दर वळणावर नव्याने सोडवावा लागतो. दक्षिणेस बे द्यू कापजवळ माकोंदेचा सुळका आहे. तेथे रस्ता समुद्राला अगदी चिकटून एकदम वळतो, आणि उधाणाच्या दिवशी काचेवर खारे तुषार येतात. आणि नवा रस्ता म्हणजे निर्धोक रस्ता, असेही नाही. तेर-रूज ते व्हेर्दाँ हा डोंगराच्या उतारावरून काढलेला मोठा रस्ता २०१५ च्या आरंभी रिपाय येथे भेगाळून खचला आणि त्या भागातील वाहतूक बंद करावी लागली. पुढे दुरुस्ती होऊन तो पुन्हा खुला झाला. डोंगर आणि पाणी यांचा हिशेब चुकला, तर नव्या डांबराचा काही उपयोग होत नाही, एवढे त्यावरून सर्वांच्या ध्यानी आले.

पाण्याचा धाक येथे खरा आहे. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत थोड्याच वेळात एवढा पाऊस कोसळला की शहराच्या सखल भागांत लोंढे शिरले आणि ११ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काही भुयारी वाटेत, तर काही तळघरातील वाहनतळावर अडकली होती. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल नावाचे चक्रीवादळ जवळून गेले, तेव्हा राजधानीच्या रस्त्यांतून मोटारी होड्यांसारख्या वाहताना लोकांनी पाहिल्या. नोव्हेंबर ते एप्रिल या वादळी दिवसांत आमच्या घरी एक नियम आहे. रस्त्यावर पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर मोटार तेथेच थांबवावयाची. पलीकडे कोण वाट पाहत आहे, याचा विचार करावयाचा नाही. निम्म्या चाकाएवढे वाहते पाणीही मोटारीला रस्त्यावरून ढकलू शकते, आणि पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे तर कोणीच सांगू शकत नाही.

एवढे वाचून वाचक म्हणतील, मग तक्रार करावी. तक्रारी पुष्कळ होतात! पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्स, दक्षिण आफ्रिका आणि अन्य देशांतून येऊन राहिलेल्या मंडळींची मोठी वस्ती झाली आहे. चहाच्या किंवा भोजनाच्या निमित्ताने ती एकत्र आली की पहिला विषय हवेचा आणि दुसरा रस्त्यांचा. या तक्रारी खऱ्या असतात, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या ऐकताना एक गोष्ट आमच्या कानांस सारखी खटकते. त्यांत मोटारीचे हाल असतात, चालकाचे हाल असतात. पायी चालणाऱ्याचे नाव क्वचितच निघते.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक वृद्ध जोडपे राहते. कास्काव्हेलकडील मराठी घराणे. घरात बोलणे क्रिओलमध्ये, पण गणपतीपुढे आरती मराठीत, आणि आमच्या सौ.ला हाक मारताना 'ताई'. दोन वर्षांमागे जुलैच्या एका सायंकाळी काकू बसमधून उतरून घरी चालल्या होत्या. रस्त्याला पदपथ नव्हता. मागून आलेल्या मोटारीचा आरसा त्यांच्या दंडाला लागला आणि त्या गटारीत पडल्या. हात दोन ठिकाणी मोडला. मोटार थांबली नाही. ती कोणाची होती, हे कधीच कळले नाही. हात आता बरा आहे. परंतु दिवेलागणीनंतर काकू घराबाहेर पडत नाहीत. लेकीकडे जावयाचे तर भर दुपारी जातात आणि चारच्या बसने परततात. आम्ही एकदा काकांपाशी रस्त्याच्या दुरवस्थेविषयी बोलू लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दादा, रस्ता वाईट होता तेव्हा मोटारी हळू जायच्या. आता डांबर नवीन घातलंय, पण ती चालायची कुठं?"

या बेटावर दरवर्षी शंभराहून अधिक माणसे रस्त्यावर प्राणास मुकतात. त्यांत मोटारीत बसलेल्यांपेक्षा दुचाकीस्वार आणि पादचारीच अधिक असतात. काकांच्या प्रश्नामागे ही सारी माणसे उभी आहेत.

आणि त्या प्रश्नामागे एक जुना इतिहासही आहे. तो ठाऊक झाल्यापासून आम्ही या रस्त्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर आले. ज्या घाटावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशांत गणला गेला. त्यांत कोकणपट्टीतून, मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती. करार संपला, तरी हा मजूर मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जावयाचे तर पोलिसांचा पास हवा. तो नसला तर भटक्या म्हणून पकडण्यात येई. म्हणजे जो रस्ता त्याने दगड वेचून मोकळा केला, त्यावरून आपल्या बहिणीच्या गावी चालत जाणे हा त्याचा गुन्हा ठरे. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. तो लिहिण्यास अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने साहाय्य केले आणि त्यापायी आपल्या जातभाईंचा रोष पत्करला. १८७२ साली चौकशीसाठी शाही आयोग आला. अर्जातील मोठी तक्रार या परवान्यांची आणि धरपकडीचीच होती. रस्त्याने निर्धास्त चालता यावे, एवढ्यासाठी त्या माणसांनी अर्जावर सह्या आणि अंगठे केले. त्यांची पणतवंडे आज बसमधून उतरून त्याच रस्त्याच्या कडेने चालतात, आणि कड नसते.

वर्षातून काही दिवस मात्र हे रस्ते पुन्हा चालणाऱ्यांचे होतात. महाशिवरात्रीच्या आधी बेटाच्या कानाकोपऱ्यांतून शुभ्र वस्त्रे नेसलेले लाखो यात्रेकरू खांद्यावर कावडी घेऊन पठारावरील गंगा तलावाकडे पायी निघतात. १८९८ पासूनची ही परंपरा. त्या दिवसांत मोटार पायी चालणाऱ्याच्या गतीने चालते, आणि तशी चालते म्हणून कोणी हॉर्न वाजवीत नाही. ठिकठिकाणी घरांपुढे टेबले मांडून लोक सरबत, फळे, चहा देतात. तेही सर्व धर्मांच्या घरांतून. तलावाच्या वाटेवर १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती २००७ पासून उभी आहे. बडोद्याच्या वाचकांस ती पाहताच ओळख पटेल, कारण ती सूरसागरातील मूर्तीवरूनच घडविलेली आहे. गणेशोत्सवातही तसेच. येथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. मूर्ती विसर्जनास निघाली की ढोलकीच्या मागे रांगेत थांबलेली वाहने कुरकुर करीत नाहीत. मोटारीने थांबावे आणि माणसाने पुढे जावे, हे या लोकांस उत्तम जमते. ते वर्षाच्या इतर दिवसांतही जमवावयाचे, एवढेच काय ते उरले आहे.

नव्याने येथे येऊन मोटार चालविणाऱ्या आपल्या मंडळींकरिता अनुभवाच्या चार गोष्टी नमूद करतो. गावातून ताशी ४० ची पाटी दिसली, तर ती खरीच माना. अंधार पडल्यावर तेही अधिक होते. रस्त्यावरील गतिरोधकाला येथे 'दोदान' म्हणतात. मूळ फ्रेंच अर्थ गाढवाची पाठ. रंग उडालेली ही पाठ ऐन वळणावर झोपलेली असते, तेव्हा तिची कल्पना मनात आधीच धरावी. चौकातील गोल वळशात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. समोरच्याने दिवे चमकाविले, तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'बाजूला व्हा, मी येतो' असा होतो. येथे तो पुष्कळदा 'आपण आधी जा' असा असतो. तरी गैरसमज टाळण्यास क्षणभर थांबून खात्री करून घ्यावी. ढोल-पुरीवाल्याची गाडी दिसली की पुढची मोटार कोणतीही सूचना न देता थांबणार, हे गृहीत धरावे. आणि चालणाऱ्याच्या शेजारून जाताना पूर्ण एक हात जागा सोडावी. समोरून वाहन येत असल्याने ती सोडता येत नसेल, तर त्याच्या मागे थांबावे. त्यात फार तर अर्धे मिनिट जाते. आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे.

रस्ते सुधारावेत, याविषयी दुमत नाही. गेल्या काही वर्षांत येथे उड्डाणपूल झाले, नवे जोडरस्ते होत आहेत. त्या खर्चातील थोडा भाग गावांच्या हद्दीत गटारींवर फरशी घालण्यास आणि बसथांब्यापासून घरांपर्यंत पदपथ बांधण्यास गेला, तर काकूंसारख्या अनेकींची सायंकाळ त्यांस परत मिळेल. गावच्या कौन्सिलकडे अशा अर्जावर सह्या गोळा होत आहेत. आम्हांस येथे मत नाही, पण कागद घरोघर नेण्यास पाय आहेत, म्हणून तेवढे काम आम्ही घेतले आहे.

या मासिकाचे वाचक बहुतेक सारे आपल्या प्रांताबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदत आलेले. बडोद्यात, ग्वाल्हेरीत, हैदराबादेत आपले पूर्वज आले, तेव्हा तेथील रस्ते आधीच दुसऱ्या कोणाच्या पायांखालचे होते. त्या लोकांनी सरकून जागा दिली, म्हणून आपली घरे उभी राहिली. परक्या ठिकाणी गेलेल्या माणसाला तेथील उणिवा चटकन दिसतात, आणि त्या बोलून दाखविण्यात काही पापही नाही. पण त्या उणिवा आपल्याआधी कोण सोसत आहे, हे पाहिले, तर त्या तक्रारीला वजन येते.

असो. उद्या सकाळी अर्जाचा कागद घेऊन वरच्या आळीत जावयाचे आहे. ऊस अजून तोडलेला नाही, वळण आंधळेच आहे. तेव्हा मोटार घरी ठेवून पायीच जाण्याचा विचार आहे.